पडद्यामागून पाहिलेली गाडी

भाषेवरून राज्याची वाटणी झाली तेव्हा आमचं बेला गाव तेलुगू मुलखात राहिलं आणि ह्यांची तहशिलीतली नोकरी मराठवाड्यात गेली. हे म्हणाले, "बांध सामान." मी म्हटलं, "तुमी जा. मी मायले सोडून येत नाही." माझी माय गल्लीपलीकडेच राहायची, एकटी. आदिलाबादहून रेल्वेत बसून माझी मावशी गेली ती पुन्हा कोणाला दिसली नव्हती. आगीनगाडी माणसं नेते, आणत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. घरात अबोला सुरू झाला.

त्याच सुमारास बाजाराच्या दिवशी एक सिनेमावाला आला. मशीन जुनं, हातानं फिरवायचं, आवाजाचं नाव नाही. अंधार पडला तसं त्यानं दोन बांबूंना पांढरं धोतर ताणलं. आमच्याकडची रीतच होती, बाप्ये पडद्यासमोर नि बाया पडद्यामागे. मागून चित्र दिसायचं छान, फक्त उजवं ते डावं. मी नि माय तिथेच टेकलो.

कुण्या गोऱ्यानं कधीकाळी इंजिनाच्या तोंडावर सिनेमा घ्यायचं मशीन बसवून काढलेलं चित्र होतं ते. नटी नाही, नाच नाही. नुसते रूळ, डोंगर, दरी. समोरून बाप्ये ओरडले, "हे काय बे? बाई दाखव एखादी!" मेल्यांना कशाची कदरच नाही! मी तर श्वास धरून बसले होते. बोगद्यात काळोख झाला तेव्हा मायनं माझं मनगट घट्ट धरलं. मग उजेड आला. इतकं देखणं मी जन्मात काही पाहिलं नव्हतं.

गडबड वाढली तसं सिनेमावाल्यानं लोकांना हसवायला हँडल उलटं फिरवलं. गाडी मागं मागं सरकत बोगद्यातून, दरीवरून, निघाली होती तिथे येऊन थांबली. बाप्ये खो खो हसले. बायांत कोणी हसलं नाही.

"परत आली वं," माय म्हणाली. "जाते तशी येते. जाय तू, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी मी सामान बांधलं.

आदिलाबादला रेल्वेत बसलो नि किनवटकडचे डोंगर लागले तेव्हा मी ह्यांना विचारलं, "आता हेच गाडी अशीच मागं मागं येईन ना?" हे त्या रात्री समोर बाप्यांत बसले होते. आधी हसले, मग सिनेमावाल्यानं हँडल उलटं फिरवल्याचं सगळं सांगून टाकलं. माझं डोकंच फिरलं.

"तवाच काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं आली असतीस?"

मला रडू फुटलं. हे हळूच म्हणाले, "त्यानं हँडल फिरवून आनली. मी तिकीट काढून आनीन. पोळ्याले." मी मुदखेड स्टेशन येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

पोळ्याला आणलं त्यांनी, सणाच्या दोन दिवस आधीच. बैलगाडीतून उतरले तर माय ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली. मी गळ्यात पडून हमसून हमसून रडले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"रडून काऊन राह्यली? तू येशीन हे मले मालूमच व्हतं. म्या गाडी पाह्यली नाही का परत येतानी?"