आधी घरी काय केलंत?

सभेवर आमच्या आतोबांइतकं प्रेम करणारा माणूस उभ्या बंगळूरात झाला नाही, आणि सभा बंद पाडण्यात त्यांचा हात धरणाराही कोणी झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; बाकी सगळे त्यांना 'रायरे', म्हणजे रावसाहेब, म्हणत. आमची घराणी कधीकाळी दौत-लेखणी घेऊन फौजांच्या मागोमाग या मुलखात आली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि भांडण रंगात आलं की दोन्ही, अशी आमची रीत. चिकपेटेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमच्या लोकांचा हॉल होता. तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सामाजिक प्रश्नांवर सभा भरे. हुंडा, मुलींचं शिक्षण, लग्नातला खर्च, दारूबंदी. प्रश्नांना तोटा नव्हता. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि उरलेलं सगळं भाषणांनी येईल अशी आमच्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा होती. समाजातली वजनदार माणसं बोलत, बाकीचे ऐकत, आणि शेवटी सगळ्यांना उप्पिट्ट आणि कॉफी मिळे.

आतोबा सभेच्या तासभर आधीच हजर असत. डोक्याला म्हैसुरी पेटा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि उन्हाळा असो की हिवाळा, हातात छत्री. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची त्यांची. तिथे चुकून कोणी बसलंच, तर काही न बोलता ते त्याच्यासमोर उभे राहत. एवढं पुरत असे. वक्त्याने "सभ्य स्त्री-पुरुषहो" म्हणून घसा साफ केला की ती छत्री वर जाई. "स्वल्प थांबा," आतोबा म्हणत, "आधी घरी काय केलंत ते सांगा. मग आम्ही काय करायचं ते सांगा."

एकदा आमचे वकीलसाहेब साध्या लग्नांवर बोलायला उभे राहिले. हे आमच्या समाजाचे पुढारी, बोलण्यात असे पटाईत की त्यांच्या अशिलाला आपण खरंच निर्दोष आहोत असं वाटू लागे. त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत छत्री वर गेली. "गेल्या वैशाखात तुमच्या मुलीचं लग्न झालं. वाजंत्रीवाले मंड्याहून आणले होते. पंगती उठता उठत नव्हत्या." वकीलसाहेब लालबुंद झाले. म्हणाले, "रायरे, त्या पंगतीत तुम्ही स्वतः जेवायला होता!" "होतो तर," आतोबा शांतपणे म्हणाले. "होळिगेतलं पुरण इतकं सुरेख झालं होतं की मी दोनदा होळिगे मागून घेतली. म्हणून तर माझी साक्ष पक्की." हॉल हसून हसून लोळला. त्या दिवशी भाषण झालंच नाही. व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्या हेडमास्तरांना त्यांनी कोटाच्या खिशातली तपकिरीची डबी आधी टेबलावर काढून ठेवायला लावली. बिचारे डबीकडे बघत बघत कसंबसं बोलले आणि भाषणापेक्षा जास्त शिंकले.

शेवटी कमिटीने कंटाळून आतोबांची खोड मोडायचं ठरवलं आणि अतिशहाणपणाने त्यांचाच नेम सभेचा नियम करून टाकला. ज्याला ज्या विषयावर बोलायचं असेल त्याने त्या बाबतीत आपल्या घरात काय केलं ते आधी सांगावं. नियमच झाला म्हणजे विचारायला काही उरणार नाही, असा त्यांचा हिशेब. झालं उलटंच. वक्ते मिळेनासे झाले. मुलींच्या उच्च शिक्षणाच्या सभेत तर एकही माणूस उठला नाही. सगळे थोडा वेळ एकमेकांकडे बघत बसले आणि मग उप्पिट्ट खाऊन घरी गेले. मागे सतरंजीवर बसणाऱ्या आम्हा बायकांना मात्र ही सभा फार आवडली. मला तर इतकी, की पुढे मी हट्टाने बी.ए. केलं.

आतोबांनी हा नेम दुसऱ्यांपुरताच ठेवला असता तर त्यांना लोकांनी नुसतं खवचट म्हणून सोडून दिलं असतं. पण ते स्वतःला कोणापेक्षाही जास्त छळत. बायकांच्या कष्टांवर बोलायचं म्हणून ते महिनाभर घरच्या रगड्यावर डोशाचं पीठ वाटत बसले. हाताला फोड आले. डोसे असे झाले की आत्या ते गाईला घालायलाही कचरे. दारूबंदीच्या वेळी तर मोठाच पेच पडला. दारू त्यांनी जन्मात चाखली नव्हती. "ज्याने धरलंच नाही त्याने दुसऱ्याला सोड म्हणायचं कोणत्या तोंडाने?" असं म्हणून त्यांनी कॉफी सोडली. बंगळूरात राहून कॉफी सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. डोक्याला फडकं बांधून ते ओसरीवर झोपून राहत आणि शेजारच्या घरात कॉफीच्या बिया भाजल्या की भिंतीकडे तोंड फिरवत. मग सभेत जाऊन दारूबंदीवर असं काही बोलले की वकीलसाहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. घरी येऊन आतोबांनी दोन लोटे कॉफी प्यायली ती वेगळी गोष्ट.

आत्या गेली तेव्हा आतोबा खचले, पण उभे राहिले, कारण घरात मुलगा होता आणि नुकतीच आलेली सून होती. सुनेला ते अक्का म्हणत. आमच्या इकडे घरच्या मुलीला लाडाने असं म्हणतात. मी तिला वहिनी म्हणे. वहिनी हसरी होती, आणि आतोबांना उलट प्रश्न विचारणारं अख्ख्या गावात तेवढं एकच माणूस होतं. "मामंजी, पाणी वाया घालवू नका म्हणून सभेत सांगता, आणि नळ कोणी चालू ठेवला?" आतोबा खूश होऊन नळ बंद करायला धावत. मग एका पावसाळ्यात माझ्या त्या आतेभावाला ताप आला. साधा वाटला, आणि आठवडाभरात तो गेला. त्याच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. मला अजून जमत नाही.

मोठं घर आणि त्यात दोनच माणसं उरली. संध्याकाळी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं विकणारी बाई गल्लीत येई. ती आता आमच्या आतोबांच्या दारावरून न हाक मारता पुढे जाई. एकदा आतोबांनी तिला मुद्दाम बोलावलं, हातभर माळ घेतली आणि देवापुढच्या कोनाड्यात ठेवली. म्हणाले, "अक्का, देवाला जास्त झाली तर..." वहिनीने सगळी माळ देवाला वाहिली.

वर्षभराने सभेचा विषय आला तरुण विधवांच्या पुनर्विवाहाचा. कमिटीने तो टाळायला हवा होता, पण पत्रकं वाटून झाली होती. आतोबा नेहमीसारखे पहिल्या खुर्चीत होते. वकीलसाहेब उठले, नियमाप्रमाणे आधी घरचं सांगायचं, ते न सांगता एकदम बोलायला लागले, आणि मग चपापून छत्रीकडे बघू लागले. छत्री हलली नाही. सगळ्या हॉलला कळलं की आज ते विचारू शकत नाहीत. कित्येक दिवसांनी सभेत पूर्ण भाषण झालं आणि ते अतिशय सुंदर झालं. घरी जाताना आतोबा मला एवढंच म्हणाले, "आज चोर मीच होतो गं."

त्यानंतर ते स्थळ शोधायला लागले. लोक काय काय बोलले ते सांगून उपयोग नाही. वहिनीच्या माहेरच्यांनी तर पाठच फिरवली. अखेर वकीलसाहेबांच्या ओळखीने हुबळीचे एक शिक्षक मिळाले. पहिली बायको गेलेली, मूलबाळ नाही, माणूस सरळ. वहिनी त्यांच्याशी दोनदा बोलली होती आणि मला हळूच म्हणाली होती, "बरे आहेत गं. ऐकून घेतात." बोलणी करायला ते आईला घेऊन आले. म्हातारी वाईट नव्हती, पण तिने एक अट घातली. लग्नानंतर मुलीने या घराशी संबंध ठेवायचा नाही. येणंजाणं नाही, पत्र नाही. "आम्हाला तिकडे चार माणसांत राहायचंय. मागचं मागे राहू दे," ती म्हणाली. शिक्षक मान खाली घालून बसले होते. आतोबांनी पेटा काढून मांडीवर ठेवला. इतरांना घाम फुटवणारा तो माणूस स्वतःच घामाघूम झाला होता. मग ते म्हणाले, "सरी. कबूल."

मी आणि वहिनी स्वयंपाकघरात उप्पिट्ट करत होतो. तिने सगळं ऐकलं होतं. हातातला झारा खाली ठेवून ती म्हणाली, "मी जाणार नाही." आतोबा आत आले. ती म्हणाली, "पहाटे तुम्हाला कॉफी कोण देणार?"

"मी सोडतो कॉफी. एकदा सोडलीय."

"आणि आजारी पडलात तर?"

"ही आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा वहिनी रडायला लागली, आणि रडता रडता जे बोलू नये ते बोलली. "तुम्हाला सभेत तोंड उघडता यावं म्हणून मला घालवताय ना, मामंजी?"

कढईतलं उप्पिट्ट खाली लागल्याचा वास सुटला तरी आम्ही कोणी हललो नाही. मग आतोबा अगदी हळू म्हणाले, "नाही गं अक्का. पण तुला तसं वाटलं, तर मी या विषयावर कधीच बोलणार नाही. ह्याच नाही, कुठल्याच. सभेत जाईन, बसेन. तोंड उघडणार नाही. मग तरी पटेल?" वहिनीने डोळे पुसले, लागलेलं उप्पिट्ट वरवर काढून बशांत वाढलं आणि बाहेर नेऊन दिलं.

बसवनगुडीतल्या एका लहान देवळात लग्न लागलं. कन्यादान माझ्या आईवडिलांनी केलं. आतोबा खांबाआड उभे होते. जाण्यापूर्वी वहिनीने वर्षभर पुरेल एवढी सारूची, म्हणजे चिंचेच्या साराची, पूड करून डबे भरून ठेवले होते. आतोबा स्वतः सारू करायला शिकले, पण पूड संपेल या भीतीने इतकी थोडी घालत की पुढे पुढे ते चिंचेचं नुसतं गरम पाणी होऊ लागलं. मी म्हटलं, "आतोबा, मी करून देते की नवी पूड." ते म्हणाले, "दे ना. पण ही वेगळी."

वहिनीला दिलेला शब्द त्यांनी पाळला. दर सभेला पहिल्या खुर्चीत बसत, आणि कोणी काहीही ठोकून दिलं तरी गप्प राहत. सभेला ऊत आला. लांबलांबचे वक्ते येऊ लागले, नियम कधी मोडीत निघाला ते कळलंही नाही. आतोबा म्हातारे झाले, असं लोक म्हणू लागले. एकदा पुन्हा पुनर्विवाहाचा विषय निघाला तेव्हा वकीलसाहेब भर सभेत म्हणाले, "या विषयावर बोलायचा अधिकार या हॉलमध्ये एकाच माणसाला आहे. रायरे, उठा." टाळ्या पडल्या. आतोबा खुर्चीचा हात धरून उठले. मी मागून त्यांची पाठ बघत होते; ती जन्मभर ह्याच क्षणासाठी ताठ राहिल्यासारखी वाटली. ते वकीलसाहेबांना म्हणाले, "मला बोलायचं नाही." आणि बसले. माझ्या समोरच्या रांगेतल्या कोणीतरी "मान दिला तर भाव खातात" असं कुजबुजलं. मी उठून त्याला चार शब्द सुनावणार होते, पण आतोबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, म्हणून बसले.

पुढे काही वर्षांनी वकीलसाहेब कामासाठी हुबळीला गेले होते, तिकडून बातमी घेऊन आले. त्या संध्याकाळी आतोबा मैसूरपाकाचा मोठा डबा घेऊन गल्लीत घरोघर फिरले. लोक विचारत, "काय विशेष, रायरे?" आयुष्यभर दुसऱ्यांकडून सरळ उत्तर मागणारा हा माणूस म्हणे, "काही नाही. सहज." आमच्या घरी ते आले तेव्हा चालून चालून दमले होते. माझ्या हातावर वडी ठेवून म्हणाले, "तिला मुलगी झाली."

आतोबा पायरीवर बसले. म्हणाले, "आपल्यात प्रत्येक नात्याला नाव आहे, नाही का गं? चुलत, मावस, आते, मामे. मघापासून चालताना मी तेच आठवत होतो. ती पोर मला कधी बघायची नाही ते ठीक आहे. पण समजा, बघितलं असतं, तर तिने मला काय म्हटलं असतं?"

"आजोबा," मी म्हटलं.

त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि डब्यात अजून थोड्या वड्या उरल्या होत्या म्हणून समोरच्या घराची कडी वाजवायला गेले.