ऑर्गनचा पहिला दट्टा

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे माझ्यापुरतंच लिहिते आहे, पण कधी कुणाच्या हाती पडलं तर म्हणून.

वडिलांची नांदुऱ्याला स्टेशनाजवळ खाणावळ होती. एक नाटक कंपनी तिथे जेवायची. तिचे खेळ चालेनात, बिल थकलं, तेव्हा तिने पायाने वाजवायचा ऑर्गन आमच्याकडे तारण ठेवला. निघताना त्यांच्या वादकांनी मला तो दाखवला. समोर ओढायचे आठ लाकडी दट्टे होते.

"आधी हा ओढायचा," ते म्हणाले. "साधा, भरीव सूर. बाकीचे याच्यावर चढवायचे. हा नसला तर सगळं पोकळ."

मी लाजरी. दुपारी खाणावळ रिकामी झाली की पहिला दट्टा ओढून एकेक सूर धरून बसायची. तो ना किनरा, ना घोगरा. कुणी शांतपणे बोलावं तसा.

चैत्रात एका दुपारी मधला सा लागेचना. दुसरे दट्टे ओढले तर नुसता वरचा बारीक आवाज आला, खाली आधार नसल्यासारखा. मागची फळी काढली. आत कडुनिंबाचा वाळका पाला.

"म्याच टाकला," आई म्हणाली. "ज्वारीच्या कणगीत टाकतो तसा. कसर लागली असती तं?"

"ज्वारी व्हय का ते, दळून खायले?" वडील म्हणाले. "आता बिघडला म्हणून ते पैसे देतीन काय?"

आमचा चार महिन्यांचा किराणा त्या पैशांत अडकला होता.

पाय मारला की ऑर्गन हवा आत ओढतो. तिच्याबरोबर पाल्याचा चुरा सूर काढणाऱ्या पितळी पात्यांत जाऊन बसला होता. मी केसांचा आकडा सरळ केला आणि एकेका पात्यातून तो काढत गेले. तीन दुपारी लागल्या. वडील दारातून बघायचे.

"हळू बाई. एखादं वाकलं तं गेलो आपुन."

वादक ऑर्गन सोडवायला आले तेव्हा मी चुलीपाशीच राहिले. त्यांनी पहिला दट्टा ओढला आणि खालपासून एकेक सूर वाजवत गेले. मधल्या 'सा'वर थांबले, तो पुन्हा दाबला.

"नीट जपलात," ते वडिलांना म्हणाले आणि ओट्यावर रुपये मांडले. वडिलांनी दोनदा मोजले. एकही कमी नव्हता.