माहीत नाही म्हणणारे तज्ज्ञ

अंधेरीतल्या एका छोट्या मराठी न्यूज चॅनलमध्ये मी 'गेस्ट' बघते. म्हणजे संध्याकाळी सातच्या चर्चेत जे तज्ज्ञ जगाचं काय होणार ते सांगतात ना, त्यांना फोन करून बसवायचं काम माझं. जगात काहीही बिनसलं की पहिला फोन मी लावते! अशा नोकरीत किस्से साठवावे लागत नाहीत, घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. मग कधीतरी कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात.

सुरुवात फोनपासूनच करते. माझ्या मोबाइलमध्ये तज्ज्ञांची नुसती नावं नसतात, पुढे विषय असतात. 'कुलकर्णी डॉलर', 'कर्नल बॉर्डर'. घाईत नाव आठवत नाही, विषय आठवतो. एकदा मी आंघोळीला गेले होते आणि आईने दार धडधडा वाजवलं. "शुभा, लवकर बाहेर ये! सीमेवरून कर्नलचा फोन आलाय!"

कर्नल अंधेरीतल्याच लोखंडवालातून बोलत होते. गाडी अजून आली नाही म्हणून!

*

हे कर्नल म्हणजे आमचा हुकमी एक्का. निवृत्त, भारदस्त आवाज, मिशी टोकदार. युद्ध कुठलंही असो, त्यांचं वाक्य ठरलेलं: "पुढचे बहात्तर तास निर्णायक आहेत."

मी एकदा कॅलेंडरवर खुणा करायला लागले. तीन आठवडे झाले तरी बहात्तर तास काही संपेनात. शेवटी मेकअप रूममध्ये गाठलंच त्यांना. "सर, मागचे बहात्तर तास तर कधीच संपले ना?"

"संपले ना!" कर्नल आरशात बघत शांतपणे म्हणाले, "म्हणून तर पुढचे निर्णायक!"

*

आमचे अर्थतज्ज्ञ कुलकर्णी बोरिवलीचे. रिझर्व्ह बँकेचा व्याजदर जाहीर होणार त्याच दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न आलं. माणूस कामाचा पक्का, म्हणाला, "आदल्या दिवशी दोन्ही रेकॉर्ड करून ठेव. कपात झाली तर हे लाव, नाही झाली तर ते."

लावताना आमच्याकडून गडबड झाली. खाली पट्टी फिरतेय 'व्याजदर जैसे थे' आणि वर कुलकर्णी सांगतायत, ही कपात किती धाडसी आहे! म्हटलं, आता वाट लागली. फोनकडे बघत बसले. एकाही प्रेक्षकाचा फोन नाही!

मांडवातून कुलकर्णींचाच फोन आला. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "अगं, टेन्शन नको घेऊस. पहिलं वाक्य सोडलं तर दोन्हीकडे मी तेच बोललोय!"

शेवटी बाहेरून एकच फोन आला, मुलुंडहून, आमच्याच चर्चेत येणाऱ्या ओक सरांचा. एकच प्रश्न. "शुभा, कुलकर्णी नक्की कुठल्या देशाबद्दल बोलत होते गं?"

*

ओक सर कॉलेजात मला इकॉनॉमिक्स शिकवायचे. निवृत्त झाले, मग काकू गेल्या आणि सरांनी बोलणंच टाकलं. दोन वर्षं माणूस दूधवाल्याशीसुद्धा मान हलवूनच बोलायचा. मी भेटायला गेले तेव्हा रडू आलं मला. म्हणून मीच त्यांना गळ घातली, की सर, मंगळवार-शुक्रवार आमच्या चर्चेत या, घरूनच, लॅपटॉपवर. सर इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी दहा मिनिटं हजर!

पहिल्याच दिवशी आमच्या अँकरने, निखिलने, झोकात विचारलं, "सर, पुढच्या महिन्यात तेलाचे भाव कुठे जातील?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

निखिलने आयुष्यात हे वाक्य ऐकलेलं नव्हतं. कानाला हात लावून म्हणाला, "सरांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाहीये बहुतेक!"

"पोहोचतोय," सर म्हणाले. "मला माहीत नाही असं म्हणालो मी."

*

बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. "शुभा, तज्ज्ञ म्हणजे काय? ज्याला माहीत असतं तो! लोक माहीत नाही हे ऐकायला टीव्ही लावतात का? तेवढं तर त्यांना घरीच कळतं. अजून एकदा हे वाक्य आलं तर नाव यादीतून बाहेर."

मी सरांना घाबरत घाबरत सांगितलं. म्हटलं, काहीतरी गोलमोल बोला ना सर, बहात्तर तास वगैरे. सर हसले. "तुला परीक्षेत काय सांगायचो मी? उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोड, गोष्ट लिहू नकोस. आता म्हातारपणी मी गोष्ट लिहू?"

सरांचे मंगळवार-शुक्रवार गेले तर परत ती मान हलवणारी दोन वर्षं येणार, हे मला दिसत होतं. आणि सरांना गोलमोल येत नव्हतं.

*

आता प्रेक्षकांचं ऐका. सर चलनवाढ इतकी सोपी करून सांगायचे की माझ्या आईलाही कळायची. पण मेल यायचे ते एकाच विषयावर. 'सरांच्या मागे पुस्तकांच्या फळीवर चिनीमातीची बरणी आहे, तिच्यात काय आहे?' एकाने तर तर्क लढवला की सर त्यात सोनं ठेवत असतील!

मी सरांना विचारलं. म्हणाले, "लिंबाचं लोणचं. हिने घातलेलं शेवटचं. उघडलं तर संपेल, म्हणून वर ठेवलंय."

त्या मेलना मी उत्तरं दिली नाहीत.

*

आणि आता तो शुक्रवार. आखातात तणाव, प्रेक्षकांचे फोन लाइव्ह चालू. कांजूरमार्गहून परब काकूंचा फोन लागला. मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, जहाज तिकडेच कुठेतरी, चार दिवस फोन नाही. काकूंनी तेलाचं, डॉलरचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "माझो झील सुखरूप असा मा? तुमी सगळे एवढे शिकलेले, तेवढा सांगा."

कर्नल म्हणाले, पुढचे बहात्तर तास. कुलकर्णींनी विम्याचे दर कसे चढतील ते सांगितलं. मग निखिल ओक सरांकडे वळला आणि माझ्या कानातल्या इअरफोनवर बॉसचा आवाज आला, "आज ते वाक्य बोलले तर बस्स!"

सर म्हणाले, "ताई, मला माहीत नाही."

मी डोळेच मिटले.

"पण माहीत कसं करून घ्यायचं ते मला माहीत आहे," सर पुढे म्हणाले. "जहाजाचं नाव आहे ना तुमच्याकडे? कंपनीचं ऑफिस इथेच मुंबईत असणार. तुमचा नंबर मी चॅनलकडून घेतो. मुलुंडहून कांजूर काय, तीन स्टेशनं. उद्या सकाळी येतो, दोघं मिळून त्यांच्या मागे लागू."

चर्चा संपली. बॉसने माझ्यासमोर यादीत सरांच्या नावावर रेघ मारली.

मंगळवारी सरांच्या जागी कुलकर्णींचे एक मित्र बसले. त्यांना सगळं माहीत होतं. फोन मात्र चर्चा सुरू झाल्यापासून वाजत होता, "ते माहीत नाही म्हणणारे सर आज का नाहीत?" मी प्रत्येक फोन बॉसच्या केबिनमध्ये जोडत गेले. काय करणार, गेस्टचं काम माझंच ना!

शुक्रवारी परत फोन घेणं चालू होतं आणि परब काकू लाइनवर आल्या. निखिल म्हणाला, "काकू, कर्नल आहेत आपल्यासोबत, विचारा."

"ह्यांका नको ओ. त्या म्हायत नाय म्हणणाऱ्या सरांका जोडा."

बॉसने काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं नाही, सरळ सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर बनियनवरच दिसले, चष्मा कपाळावर.

"सर, त्या दिवशी तुमका म्हायत नव्हता मा?" काकू म्हणाल्या. "आता लिवन घेवा. माझो झील काल सकाळी घराक इलो! हंय माझ्यासमोर बसलोहा. तुमी दिलेला लिंबाचा लोणचा लावन पेज जेवता."

सरांच्या मागच्या फळीवर पुस्तकांच्या मधोमध एक गोल मोकळी जागा होती.

लाइव्हमध्ये शांतता म्हणजे पाप, त्यामुळे निखिलने घाईघाईने तोंडात येईल ते विचारलं. "सर, आता... तेलाचे भाव कुठे जातील?"

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, बनियनला पुसला आणि हसत म्हणाले, "मला माहीत नाही रे बाळा!"

माझ्या कानात बॉसचा आवाज आला. "शुभा, मंगळवारच्या यादीत ओक सरांना घे. सगळ्यात वर!"