मावशी, दात कशानं घासता?

जालना जिल्ह्यात कोणाचे दात किती काळे आहेत, याची खबर दंतवैद्यांच्या आधी आमच्या प्लास्टिक सर्जनना असते. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या रुग्णांना भूल देतो आणि शपथेवर सांगतो, इतका चौकशीखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला आलेल्या बाईकडे ते वरण नंतर मागतात, आधी विचारतात, "मावशी, दात कशानं घासता?" अशाच एका मावशींनी वरणाची बादली तिथंच ठेवून नवऱ्याला बोलावून आणलं होतं. त्या गृहस्थांची समजूत घालण्यात माझी जिलेबी हुकली.

दवाखान्यात तर त्यांच्यापुढे कोणाचंच चालत नाही. पुण्या-मुंबईला जो दर्जा तोच इथं, असं म्हणत त्यांनी शस्त्रक्रियेआधी विचारायच्या प्रश्नांची लांबलचक यादी भिंतीवर डकवली आहे. भाजून बोटं तळव्याला चिकटलेल्या माणसालाही ते "कोणता हात?" असं विचारतात आणि त्याच्या तोंडून वदवून घेऊन मगच पेनानं खूण करतात. "डाक्टरसाहेब, तुम्हाला दिसून न्हाई राह्यलं का?" असं एकानं फार काळजीनं विचारलं होतं. अवजारं निर्जंतुक झाल्याची खूण दाखवणाऱ्या पट्टीचा रंग मनासारखा बदलला नाही, म्हणून ते सगळी तयारी झालेली शस्त्रक्रिया थांबवतात आणि मी चरफडत बसतो. वडीगोद्रीकडचे एक मेंढपाळ आजोबा जीपभर नातेवाईक घेऊन आले, तर त्यांच्या खिशात तंबाखूची पुडी निघाली. झालं! तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आखडतात, वळवून लावलेली कातडी मरते, तेव्हा महिनाभर सोडा आणि मग या. जिना उतरताना आजोबा म्हणाले, "इतकी चौकशी तर सोयरीक जमवताना बी न्हाई झाली." मी पोट धरून हसलो. सर्जन हसले नाहीत.

त्यांचं हसू कुठं गेलं, ते मला माहीत आहे. बदनापूरजवळच्या खेड्यातल्या एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. स्टोव्हच्या भडक्यात मान भाजलेली, हनुवटी छातीला जखडलेली. "तंबाखू खाता का?" सर्जननी विचारलं. "न्हाई बा," त्या म्हणाल्या. मीही तेच विचारलं आणि माझ्या कागदावर 'नाही' लिहिलं. शस्त्रक्रिया देखणी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढ्यात उभ्या असलेल्या लेकीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. तिसऱ्या दिवसाअखेर मानेवरची नवी कातडी काळी पडली. सर्जन खाटेशी वाकून ती तपासत होते, तेव्हा त्यांना उशाजवळ एक डबी दिसली. "हे काय?" "मिश्री हाय. दात घासायला." तंबाखू तव्यावर काळी भाजून केलेली ती पूड त्या रोज सकाळी दातांना लावत होत्या. खातात ती तंबाखू, घासतात ती मिश्री. आपल्याकडे घरोघर असंच समजतात. माझी आजीही घासायची. आम्ही दोघं इथलेच, तरी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही, याची मला आजही लाज वाटते. मेलेली कातडी काढावी लागली आणि मान हळूहळू पुन्हा खाली गेली.

पुन्हा शस्त्रक्रिया करता आली असती, पण मावशी फिरकल्या नाहीत. निरोपांचा उपयोग होईना, तेव्हा मागच्या हिवाळ्यात सर्जन मला घेऊन त्यांच्या घरीच गेले. मावशींनी आम्हाला अंगणात खुर्च्या दिल्या, चहा केला. आमच्याशी बोलताना त्यांची नजर आमच्या बुटांच्या वर येत नव्हती. सर्जननी सगळं समजावून सांगितलं.

"मिश्री तवाच सोडली मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी इचारलं असतं तर आधी सोडली असती."

"हो. मी विचारलं नाही."

"मंग आता नको, डाक्टर. तीन दिवस मान वर आल्ती. ती पुन्हा खाली जाताना जे सोसलं, ते दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं माझ्याच्यानं."

सर्जन खुर्चीवरून उठले आणि मावशींच्या अगदी पुढ्यात, त्यांना तोंड दिसेल असे, खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. "चुकलं माझं, मावशी," ते म्हणाले.

मावशींनी त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मग कप त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, "चहा घ्या. निवून राह्यला."