वहिनींची उष्णता

सुनंदावहिनींना जाऊन दीड महिना होत आला, तरी आमच्या इंद्रलोक वसाहतीच्या नाक्यावरचा फ्लेक्स अजून उतरलेला नाही. त्यावर वहिनींचा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणारे इच्छुक उमेदवार पुरुषभर उंच. खाली लिहिलंय, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. भाजीची पिशवी घेऊन जाताना माझी नजर दरवेळी त्या ‘अल्पशा’वर अडते. वहिनींचा आजार वर्षभर तरी अंगावर खुणा करत होता. आम्ही त्या सगळ्या खुणांना एकच नाव देऊन ठेवलं होतं... उष्णता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दोघा भावांची घरं एकाच मजल्यावर. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, मग गिरगावातले, जागा पुरेना म्हणून भाईंदरला आलो. एवढ्या स्थलांतरांत देव्हारा आणि उष्णता या दोनच गोष्टी शाबूत राहिल्या. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वहिनींना आमटीची चव लागेना. “भाऊजी, मीठ बघा जरा,” म्हणून वाटी माझ्यापुढे करायच्या. जिभेवर दही सांडल्यासारखे पांढरे डाग, खरवडले की खालून लालभडक. आरोग्याचं पान नेमाने वाचणारा मीदेखील “उष्णताच,” म्हणालो, आणि दादाने त्याच संध्याकाळी केबिन रोडवरून गुलकंदाची मोठी बरणी आणली. रोज दुधातून गुलकंद, दुपारी कोकम सरबत, वर चघळायला खडीसाखर. वहिनी बारीक होऊ लागल्या तेव्हा सोसायटीतल्या बायका डाएट विचारायला आल्या. “गुलकंद खा गं!” असं वहिनी त्यांना सांगायच्या.

मध्येच सोसायटीच्या पटांगणात मोफत आरोग्य शिबिर झालं. फीत, नारळ, शाली आणि भाषणांवर भाषणं. साखर तपासायला आलेली मुलगी बिचारी सुया घेऊन मंडपाच्या कडेला ताटकळत होती. वहिनी महिला मंडळाच्या, त्यामुळे पाहुण्यांना पेढे द्यायचं काम त्यांच्याकडे. मी म्हटलं, “वहिनी, तुम्हीही बोट टोचून घ्या की.” तबक न थांबवता त्या म्हणाल्या, “मला काय धाड भरलीय? आणि पेढे काय तुम्ही वाटणार?” पेढे मला वाटता आले असते.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांना नवी चप्पल लागली, आणि जखम भरेचना. चिघळली, ताप चढला, त्या असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा हॉस्पिटलात नेलं. साखर भलतीच वाढलेली, जखमेचं विष रक्तात गेलेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचं तोंड उघडून पाहिलं, छातीखालची कातडी पाहिली, पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. “जखमेचं वेगळं, पण हे यीस्टचं इन्फेक्शन आहे. कधीपासून?” दादा गोंधळून म्हणाला, “यीस्ट? पावात घालतात ते?” त्या हसल्या नाहीत. “तसलीच, पण वेगळ्या जातीची बुरशी. थोडी सगळ्यांच्याच अंगावर असते. साखर वाढली की फोफावते, बरी होते, परत येते. प्रत्येक खाज साखरेची नसते, पण अशी पुन्हा पुन्हा आली तर बघायला हवं. जांघेत, लघवीच्या जागी खाज होती यांना? दह्याच्या कवडीसारखं पांढरं जायचं?” दादा भिंतीवरच्या सूचना वाचू लागला... वहिनी तिथून परत आल्या नाहीत.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर शेजारच्या हंसाबेन दाराशी बसून डोळे पुसत म्हणाल्या, “मेरे को बोली थी, छाती के नीचे लाल हुआ है, जलता है. मैंने बोला, पावडर लगाओ.” वहिनींची मुलगी प्राजू म्हणाली, “मी माहेरी आले की मला खाजेचं मलम आणायला लावायची मेडिकलमधून. चार दिवस बरं वाटायचं, की परत सुरू. मला वाटलं, घामाचं असेल.” लघवीला सारखं उठतात हे दादाला ठाऊक होतं, जिभेचं मला. एका बाईचं दुखणं आम्ही चौघांनी वाटून घेतलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचा तुकडा किरकोळच दिसत होता. ते जोडून पाहायला बसलो, ते असे, त्यांच्याच तेराव्याचे बुंदीचे लाडू मध्ये ठेवून.

गेल्या रविवारी दादाकडे चहाला गेलो. प्राजू सासरहून आली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, “बाबा, काका, ऐका. मलाही परत परत होतंय. खाली खाज, आणि तेच पांढरं. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला जातेय.”

दादाने मान खाली घातली. मग वर पाहून म्हणाला, “मी येतो बरोबर.”

“साखर नसेलही गं,” मी म्हणालो.

“नसू दे ना. पण ते रक्त सांगेल, तुम्ही नको.”

असलं काही बोलायचं तर वहिनी आधी मिक्सर लावायच्या. वन बीएचकेत बायकांना तेवढाच आडोसा. बाहेर पेपर वाचत बसलेल्या आम्हाला वाटायचं, आत चटणी चाललीय. प्राजूच्या मागे ओट्यावर तो मिक्सर होता, वहिनींनी जुन्या साडीतून शिवलेली खोळ घालून. प्राजू सावकाश, एकेक गोष्ट सांगत होती, आणि घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता.