राजाचे सत्तर, पोरीचे अडतीस

उज्ज्वल तायडे कोणाकडे जेवायला गेला की दारात बूट काढतो, भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतो, आणि मग नमस्कार करतो. जर्मनीत एर्लांगेनमधल्या मराठी मंडळींना याची सवय झाली आहे. काही वात्रट लोक तो येणार म्हणून एखादी फ्रेम मुद्दाम तिरकी ठेवतात आणि जेवताना तो किती वेळ तग धरतो ते बघतात. साधारण वरणभातापर्यंत धरतो.

हे दुखणं वडिलांकडून आलेलं. लहू तायडे मूर्तिजापूरला रेल्वेत गँगमन होते. वैशाखात रूळ तापून वाकतात, तेव्हा लहू खडीवर उकिडवे बसायचे, गाल रुळाला जवळजवळ टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि लांबवर बघून बोटभर वाक ओळखायचे. हातात ना यंत्र, ना पट्टी. रूळ वाकला की तो आपणहून सांगत नाही, गाडी आल्यावर सांगतो, असं त्यांचं म्हणणं. उज्ज्वलनं हे वाक्य दहावीपर्यंत भूगोलाच्या धड्याइतक्याच कंटाळ्यानं ऐकलं. पुढे अमरावतीला इंजिनिअर झाला, एर्लांगेनला मास्टर्स केलं आणि वैद्यकीय यंत्रांच्या एका कंपनीत चिकटला. काम असं, की पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं माणसाचं धड सीटी-स्कॅनच्या यंत्रात झोपवायचं आणि यंत्र मोजतंय ते खरं मोजतंय का, ते बघायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला की त्याला जेवण गोड लागत नाही. लहू तेव्हा हयात होते. फोनवर सगळं नीट ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "म्हंजे गँगमनच झाला ना तू."

अशा माणसाच्या एकुलत्या एक पोरीची पाठ वाकडी निघाली.

क्रांती बारा वर्षांची असताना मुलांच्या डॉक्टरनं तिला पुढे वाकायला सांगितलं, तर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली. एक्स-रे काढला. मणक्यांची रांग बाजूला कलली होती, चौतीस अंशांनी. कारण काही नसतं, कोणाची चूक नसते, असं डॉक्टरनं सांगितलं, आणि नेमकं तेच उज्ज्वलला पटलं नाही. त्यानं आधी दप्तरावर आळ घेतला, मग सायकलवर, मग गादीवर. दप्तर, सायकल, गादी तिन्ही बदलून झाली, मणके होते तिथेच.

मग पाठीच्या खास डॉक्टर फ्राऊ लिंडनर यांनी हिशेब समजावला. पंचविसाच्या पुढे कॉर्सेट, म्हणजे अंगाच्या मापाचं कडक प्लास्टिकचं कवच, रोज तेवीस तास, हाडांची वाढ थांबेपर्यंत. आणखी अडीच-तीन वर्षं. चाळिसाच्या पुढे गेलं तर ऑपरेशनची बोलणी, मणक्यांना धातूच्या सळया. त्या दिवसापासून चाळीस हा आकडा तायड्यांच्या घरी मुक्कामाला आला. बसचा नंबर असो की वॉशिंग मशीनवरचं तापमान, चाळीस दिसलं की उज्ज्वल नजर दुसरीकडे वळवायचा.

कॉर्सेटला मागे तीन पट्टे होते आणि प्रत्येकावर पेनानं खूण: इथपर्यंत ओढायचं. आत बटणाएवढा एक सेन्सर, अंगाच्या उबेवरून किती तास घातलं ते टिपणारा. उज्ज्वल रोज सकाळी पट्टे ओढायचा आणि खुणेवर स्टीलची पट्टी धरून बघायचा. त्याची बायको प्रिया युनिव्हर्सिटीत रसायनावर संशोधन करते, मोजमापाचं तिलाही वावडं नाही, पण एकदा तिला राहवलं नाही. म्हणाली, "अरे, पोरगी आहे ती. तुझं पाण्याचं धड नाही."

एका सकाळी पट्टा ओढताना उज्ज्वलच्या मनात कुत्र्याच्या शेपटीची आणि नळीची म्हण आली. त्याला स्वतःचीच एवढी लाज वाटली की त्या दिवशी क्रांतीला न मागता आइस्क्रीम मिळालं, तेही फेब्रुवारीत.

एक्स-रेची सीडी त्यानं घरी आणली होती. त्यावर स्वतःच रेघा मारून कोन मोजला. छत्तीस आला. पुन्हा मोजला, एक्केचाळीस. तिसऱ्यांदा तेहतीस. चित्र तेच, रेघा मारणारा तोच. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, हातानं मोजताना चार-पाच अंशांचा फरक पडतोच. उज्ज्वलनं कुठल्याही यंत्राला आयुष्यात पाच अंश माफ केले नव्हते.

या सगळ्यातलं मूर्तिजापूरला काहीच माहीत नव्हतं. आईला, म्हणजे कमलाबाईंना, त्यानं सांगितलं होतं की क्रांतीची पाठ जरा दुखते, व्यायाम चालू आहे. आईला कळलं की गल्लीला कळणार, गल्लीला कळलं की अकोल्याच्या मावशीला, आणि मग पोरीच्या लग्नाचं काय, हा प्रश्न तिच्या दहावीच्या आधीच उभा राहणार. असल्या विचारांची टर उडवणारी भाषणं उज्ज्वलनं स्वतः चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात ठोकलेली आहेत. तरीही दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी क्रांतीच्या अंगावर एक ढगळ स्वेटशर्ट चढायचा. कोणी सांगायचं नाही. तो फक्त खुर्चीवर काढून ठेवलेला असायचा.

मग उज्ज्वलला राजा सापडला.

वाकड्या पाठीबद्दल इंटरनेटवर वाचता वाचता तो इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डपाशी पोचला, आणि बारा ऑक्टोबरच्या रविवारी नाश्त्याला त्यानं ही गोष्ट अगदी रंगात येऊन सांगितली. पाचशे चाळीस वर्षांपूर्वीचा राजा. लहान पुतण्याला सांभाळायला नेमलेला काका, सांभाळता सांभाळता स्वतःच गादीवर बसला, आणि तो पुतण्या आणि त्याचा धाकटा भाऊ किल्ल्यात दिसेनासे झाले ते कायमचेच. काका-पुतण्यांच्या गोष्टी मराठी माणसाला फार समजावून सांगाव्या लागत नाहीत. दोन वर्षं राज्य केलं आणि बत्तिसाव्या वर्षी लढाईत मारला गेला. ज्यांनी मारलं त्यांचं राज्य आलं. मग त्यांच्या काळात लिहिणाऱ्यांनी त्याला कुबड दिलं, लुळा हात दिला, वाकडी पाठ म्हणजे वाकडं मन असं ठरवून टाकलं. चित्रातसुद्धा रंग चढवून एक खांदा उचलला. हाडं कुठे आहेत ते लोक विसरून गेले. अन् बारा-तेरा वर्षांपूर्वी ती सापडली लेस्टर शहरात, मोटारी लावायच्या जागेखाली.

"आणि हाडं काय बोलली?" उज्ज्वलनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं. कुबड नव्हतं. हात धडधाकट होता. मणके मात्र खरंच बाजूला वाकलेले, सत्तर अंशांच्या आसपास. सत्तर! आणि हा माणूस शेवटपर्यंत घोड्यावर. अंगरखा असा शिवलेला, चिलखत असं घडवलेलं की जिवंत असेतो कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. तुझे चौतीस म्हणजे किस झाड की पत्ती.

क्रांतीनं ब्रोटशन पावाचा घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, त्याला कॉर्सेट होतं का? नव्हतं, असं उज्ज्वलनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. पोरीला आपण धीर दिला, अशी त्याची समजूत झाली, आणि तो दिवस त्याला वर्षभरातला सगळ्यात हलका गेला.

जानेवारीत तपासणी होती. फ्राऊ लिंडनर यांनी सेन्सर वाचला आणि पडदा बापलेकींकडे वळवला. निळ्या काड्यांचा आलेख होता, एका दिवसाची एक काडी. फेब्रुवारीपासून एकवीस, बावीस, एकवीस तास. कौतुक करावं असं. मग बारा ऑक्टोबर, बावीस. तेरा ऑक्टोबर, चौदा. तिथून पुढे शाळेचा दिवस असला की चौदा. सुट्टीच्या दिवशी पुन्हा बावीस. एखाद्या इमानदार चोराचा आलेख.

डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारलं, तेरा तारखेला काय झालं? क्रांती बुटांकडे बघत होती. उज्ज्वलला मात्र तिच्याआधी उत्तर माहीत होतं. बारा तारखेचा नाश्ता, राजा, घोडा, सत्तर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि कानशिलं तापली. वाक आला होता, आणि रुळाला गाल लावायचं सोडून हा मनुष्य त्याच रुळावर उभा राहून गोष्टी सांगत होता.

कोन अडतीस निघाला. मोजण्यातला फरक असेल, नसेलही, डॉक्टर म्हणाल्या. एप्रिलमध्ये पुन्हा बघू. चाळिसाच्या वर गेला तर पुढचं बोलू.

बस यायला अकरा मिनिटं होती. थांब्यावर उज्ज्वलनं राजाची राहिलेली गोष्ट काढली, या वेळी घाबरवायला. संशोधकांनी तशीच पाठ असलेल्या आजच्या एका तरुणाला चिलखत घालून घोड्यावर बसवून पाहिलंय, खोगिराचा आधार होता तोवर तो लढू शकला, पण पायउतार झाला की लगेच धाप लागायची, कारण फासळ्या छातीला पुरती जागा देत नाहीत. राजाचंही तेच झालं असेल. घोडा गेला, शिरस्त्राण गेलं, आणि डोक्यावर आठ जखमा.

"नऊ," क्रांती म्हणाली.

तिनं सगळं वाचलं होतं. त्याच रविवारी दुपारी. बापापेक्षा जास्त. कबरीसाठी खणलेला खड्डा आखूड पडला म्हणून त्याची मान वाकडी करून ठेवली होती, हेही तिला माहीत होतं, आणि मेल्यावर त्याला उघडा करून घोड्यावर आडवा टाकून गावात आणलं, हेही. मरणाची भीती तिला घालण्यासारखी राहिलीच नव्हती. एरवी मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर देणारी पोरगी मग मराठीत बोलली, शब्द शोधत, पण ठाम.

"पप्पा, तो जिवंत होता तोपर्यंत त्यानं लपवलं. तुम्ही ते छान म्हणून सांगितलं. आपण पण आजीपासून लपवतो. आल्झो, म्हणजे ते लपवायचं असतं. मग शाळेत सगळ्यांसमोर मी ते कसं घालू?"

कॉर्सेट रोज सकाळी शाळेच्या स्वच्छतागृहात उतरायचं आणि खेळाच्या पिशवीत जायचं. घरी निघताना पुन्हा अंगावर. पट्टे मैत्रीण ओढायची, बरोबर खुणेपर्यंत. इतक्या महिन्यांत स्टीलच्या पट्टीला काही सापडलं नव्हतं.

बस आली तेव्हा उज्ज्वल चढायचं विसरला. क्रांतीनं त्याची बाही ओढली.

त्या रविवारी खुर्चीवर स्वेटशर्ट नव्हता. व्हिडिओ कॉल लागला, जय भीम झालं, आणि उज्ज्वलनं घसा खाकरून सुरुवात केली. आई, घाबरू नकोस, पण तुला एक सांगायचं राहिलं. कोन, अंश, सेन्सर, सळया, सगळं एका दमात ओकला. प्रियानं शेजारून सांभाळून घेतलं, अहो आई, बाकी तब्येत उत्तम आहे तिची.

कमलाबाईंनी चष्मा पुसला. "मले काय डोये नाहीत का रे? वरीस झालं, पोरगी बाहुलीवानी ताठ बसते. म्या माह्या सासूपुढंई इतकी ताठ बसली नाही. आज सांगतीन, उद्या सांगतीन म्हनून वाट पाहून रायली होती."

मग त्यांनी क्रांतीला उभं राहून कवच दाखवायला लावलं, वळायला लावलं, पट्टे कोण ओढतं ते विचारलं. क्रांतीनं आजीला राजाची गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी हातवाऱ्यांनी. कुबडाचा भाग आला तेव्हा कमलाबाईंनी मध्येच थांबवलं. "ज्यानं मारलं त्यानंच लिवलं असंन मंग. आपल्याबद्दल का आपन लिवलं होतं?" एवढं बोलून त्या उज्ज्वलकडे वळल्या. "अन् तू रे. तुह्या बापानं वाकला रूळ कधी झाकून ठेवला का?"

उज्ज्वलच्या मागची तसबीर तिरकी होती, आणि ती सरळ करायलाही तो उठला नाही.

फोन ठेवल्यावर क्रांतीनं आपला मसुदा मांडला. शाळेच्या दिवशीसुद्धा बावीस तास. खेळाच्या तासाला सगळ्यांसमोर काढणार, सगळ्यांसमोर घालणार. पण राजाला चिलखत होतं तसा घोडाही होता, तिला नुसतंच चिलखत मिळालंय. शहराबाहेरच्या तबेल्यात शनिवारी मुलींना घोडेस्वारी शिकवतात, वर्गातल्या तिघी जातात. उज्ज्वलच्या डोळ्यांपुढे घोडा, खड्डा आणि सळया एकामागोमाग एक आल्या. त्यानं फ्राऊ लिंडनर यांना फोन केला, त्या नको म्हणतील अशा पक्क्या आशेनं. त्या म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, घोडा चांगला, त्या तासापुरतं कॉर्सेट काढा.

एप्रिलमध्ये सेन्सरनं बावीस दाखवले, एकही काडी आखूड नाही. कोन सदतीस. कमी झाला म्हणायचं की मोजण्यातला फरक? उज्ज्वलनं डॉक्टरांना दोनदा विचारलं. वाढला नाही म्हणा, त्या म्हणाल्या, आणि पुढची तारीख दिली. हाडांची वाढ थांबायला अजून दीड वर्ष आहे. चाळीस अजून घरातच राहतो, फक्त जरा कोपऱ्यात सरकून बसतो. सीडी या वेळी क्रांतीनं मागून घेतली आणि स्वतः रेघा मारल्या. तिचे पस्तीस आले. उज्ज्वलचे एकोणचाळीस. मधला धरायचा, असं प्रियानं ठरवून टाकलं.

शनिवारी तबेल्याच्या कुंपणापाशी बाकीचे आईबाप कॉफी पीत उभे असतात. उज्ज्वलचा कप हातात गार होतो. तपकिरी घोडा रिंगणात एक फेरी मारतो, आणि वळणावर क्रांतीची पाठ त्याच्याकडे येते. तेवढ्या पाच-सहा सेकंदांसाठी तो कुंपणाशी उकिडवा बसतो, गाल खालच्या लाकडी दांड्याला जवळजवळ टेकवतो आणि एक डोळा मिटतो.

शेजारच्या बाईनं एकदा काळजीनं विचारलं, काही पडलं का तुमचं? नाही, तो म्हणाला, अजून तरी नाही. आणि पुढच्या वळणाची वाट बघत तसाच बसून राहिला.