डमीची बोटं

साहेबांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कोलंबी सोलत बसलो होतो. ती इस्रायलला असते, लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. आढेवेढे न घेता तिनं विचारलं, "काका, खरं सांगा. बाबा एकटे राहू शकतात का? तुम्ही हो म्हणालात तर राहू दे त्यांना पनवेलमध्ये. नाहीतर दिवाळीनंतर मी येते आणि घेऊन जाते."

घ्या! म्हणजे निकाल मी लावायचा. ज्या माणसाला मी पस्तीस वर्षं "साहेब" म्हणत आलो, त्याचा. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब." रविवारी सकाळी क्लबात आमचा पत्त्यांचा डाव असतो, ब्रिजचा.

ब्रिज मला साहेबांनीच शिकवला, उरणच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. आमचं घराणं मिठागरातलं. पत्त्यांना हात लावणारा पोरगा वाया गेला, असं आमच्याकडे ठरलेलंच. साहेब बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवारी काही म्हणजे काही करायचे नाहीत, पण बाकीचे दिवस दुपारी डबा संपला की पत्ते निघायचे. एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून घोटून घेतली. समोरून पहिला पत्ता पडला, जोडीदाराचे पत्ते टेबलावर उघडे मांडले गेले, की आपले पत्ते पालथे ठेवायचे. आणि मोजायचं. नक्की हात किती होतात, जातात कुठे, कमी पडणारा कुठून आणायचा. ते बोटांच्या पेरांवर मोजायचे, ओठ हलवत. मी चुळबुळ करायला लागलो की म्हणायचे, "घाई कसली रे? पनवेल पळून चाललंय का?"

गेल्या वर्षापासून मोजणी लांबायला लागली. पेरांवर अंगठा फिरायचा, परत पहिल्या पेरावर यायचा. एकदा स्वतःच्याच घराकडे जाणारी गल्ली त्यांनी मला विचारली आणि वर हसले, जशी काही माझी गंमत केली. मला हसता आलं नाही.

आणि मग मी तो गाढवपणा सुरू केला. ज्याचे पत्ते उघडे मांडलेले असतात तो डमी; साहेबांचा जोडीदार म्हणून तो मीच. त्यानं बोलायचं नाही, सुचवायचं नाही, साहेब सांगतील तो पत्ता उचलून पुढे ठेवायचा, बस्स. मी काय करायचो, तर साहेबांनी तोंड उघडायच्या आत माझी बोटं बरोब्बर पत्त्याजवळ नेऊन ठेवायचो. साहेब तोच पत्ता मागायचे. सरळ सरळ चोरी, दुसरं काय! खारघरहून एक नवराबायको खेळायला येतात. त्यातली बाई एकदा गोड आवाजात म्हणाली, "डमीनं हात मांडीवर ठेवले तर बरं होईल, नाही का?" मी तिच्यावर असा भडकलो की आठ दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. तिचं खरं होतं म्हणून भडकलो.

मुलीच्या फोनचं ऐकल्यावर आमची ही म्हणाली, "सांगून टाका जा हाय ते. बाप तिचा हाय, तुमचा नाय." मला ते लागलं.

रविवारी मी ठरवूनच गेलो. आज मदत नाही. साहेब आपले आपण खेळले तर राहतील, नाहीतर नाही. आणि नशीब बघा, खारघरच्याच जोडीसमोर साहेबांनी सहा इस्पिकची बोली लावली, म्हणजे इस्पिक हुकूम. स्लॅम! तेरातले बारा हात करायचे, एकच सोडायची मुभा. खारघरच्या नवऱ्यानं बदामाचा पत्ता टाकला. मी माझे पत्ते मांडले. बदामाचे दोनच होते, एक्का आणि राणी.

डाव सोपा होता हो! बोलीवरूनच साहेबांची पानं मी ताडली होती. चौकटचा एक्का जाणार, तो एकच. बदामाला एक्का लावायचा. हुकूम ओढून घ्यायचे. मग साहेबांच्या हातातली किलवरची तीन मोठी पानं, आणि तिसऱ्यावर माझी बदामराणी फेकून द्यायची. त्यांचं उरलेलं बदाम माझ्या हुकमानं मारायचं. बारा. हा असला डाव त्यांनीच मला शिकवला होता. राणी आधी लावणं म्हणजे राजा त्या नवऱ्याकडे असू दे म्हणून देवाला साकडं घालणं.

साहेबांनी पत्ते पालथे ठेवले. अंगठा पेरांवर फिरला. मग त्यांनी वर बघितलं, पत्त्यांकडे नाही, माझ्या बाजूला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ते बघत राहिले. एक्का म्हणा साहेब, एक्का.

"राणी," ते म्हणाले.

बाईनं राजा टाकून राणी मारली. पुढे चौकटचा एक्का गेला. एका हातानं स्लॅम बुडाला. बाईनं गुण लिहून घेतले, आणि तेच मला जास्त झोंबलं.

नंतर आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसलो. साहेबांनी चहा फुंकला आणि विचारलं, "आज बोटं का आवरलीस?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी कुठे मोजतो रे आता? मोजल्यासारखं करतो. तुझी बोटं बघतो आणि बोलतो." मग म्हणाले, "तिनं तुला विचारलंय ना? मला सांगितलं तिनं. लाव फोन."

"साहेब, इथे नको."

"इथेच. माझ्यासमोर."

मला रडू फुटलं. भर सकाळी, लोकांच्या येण्याजाण्याच्या जिन्यात, साठी उलटलेला माणूस मी, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होतो. त्यांचा मुलगा असतो तर मी थापही मारली असती, की ठणठणीत आहेत, राहू दे. पण फोन लावला.

"बोला काका," ती म्हणाली. "काय ठरलं?"

मी साहेबांकडे बघितलं. डोक्यानं नुसतं हो किंवा नाही केलं असतं तरी मला पुरलं असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवले.

"ये बाळा," मी म्हणालो. "घेऊन जा त्यांना."